खोड ऐकून घेतलेला डायवर

आबा गेल्यापासून जो तो त्यांना देवमाणूस म्हणायला लागलाय. मांजरसुंब्याच्या चौकात त्यांचा फोटो टाकून मोठं बॅनर लागलं आणि खाली हात जोडलेल्या चेहऱ्यांची रांग. मी गाडी बाजूला घेऊन ते वाचलं आणि डोकंच फिरलं माझं. देवमाणूस म्हणे. आबा देवमाणूस नव्हते. तोंडानं फाटके होते, हट्टी होते, अंगाला कायम मेंढराचा वास यायचा, आणि चारचौघांत माझी जेवढी इज्जत त्यांनी काढली तेवढी पोलिसांनीही काढली नव्हती. त्यांच्यावर जेवढा चिडलो तेवढा मी सख्ख्या बापावर चिडलो नसेन. आणि तरी सांगतो, आख्ख्या बीड जिल्ह्यात मला स्टेअरिंगला हात लावू देणारा तो एकच माणूस निघाला. बॅनरवरचे हे बाकीचे तेव्हा कुठं होते ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी गेवराईकडचा, गोदाकाठचा. पोरवयात वाळूची गाडी धरली. गाडी म्हणजे हायवा, मोठा टिप्पर, आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. नाव लिहून त्यांना आणखी एक बॅनर कशाला देऊ. एक दिवस महसूलच्या पथकानं गाडी अडवली. माझ्या शेजारी साहेबांचा पुतण्या बसला होता. तो लोखंडी टामी घेऊन खाली उतरला, तलाठ्याचा हात मोडला आणि उसातून पळून गेला. मी स्टेअरिंगवर बसलेलो, इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं.

साहेब ठाण्यात आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुतन्याचं नाव घेऊ नको. महिन्याभरात भायेर काढतो तुला." केस माझ्या एकट्यावर झाली. सरकारी कामात अडथळा आणि मारहाण. हायवा दंड भरून पंधरवड्यात सुटला आणि परत नदीत उतरला. मी काही सुटलो नाही. खटला चालला, शिक्षा लागली, ती मी पुरी भोगली. पुतण्या आज पंचायत समितीत बसतो.

बाहेर आलो तेव्हा लायसन होतं, हात शाबूत होते, पण गाडी कोण देणार. बीडमधल्या एकूण एक ट्रान्सपोर्टच्या पायऱ्या मी झिजवल्या. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आण, म्हणायचे. मला तो दाखला कोण देणार होतं? एका शेठनं तर गाडी चालवून बघितली, पाठ थोपटली, चहा सांगितला, आणि चहा यायच्या आत कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं. चहा आला, माझ्यापर्यंत आला नाही. "आमचं काय न्हाई हो, पन गिऱ्हाईक काय म्हनंल," एवढं बोलून शेठ मोबाईल बघायला लागले. हे गिऱ्हाईक नावाचं जनावर मला कुठंच भेटलं नाही, पण माझं पोट त्यानं मारलं. त्याच ऑफिसात दारू पिऊन गाडी उलटी करणारा डायवर बाकावर बसला होता. डिझेल चोरणारा बसला होता. ते चालत होते, कारण त्यांच्या नावावर शिक्का नव्हता.

शेवटी एका ढाब्यावरच्या माणसानं सांगितलं, मांजरसुंब्याला एक येडा म्हातारा आहे, मेंढरं विकून ट्रक घेतलेला, त्याच्याकडं जाऊन बघ. येडा म्हणाला म्हणूनच गेलो. शहाण्यांकडं जाऊन झालं होतं.

आबांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. रानोमाळ हिंडायचं, खतासाठी कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, पुढं सरकायचं. बाजाराला मेंढरं न्यायची तर भाड्याचा ट्रक करावा लागायचा, आणि ट्रकवाले असे ब्रेक मारायचे की उतरवताना खालची दोनचार चेंगरून मेलेली निघायची. एकदा त्यांची आवडती मेंढी अशी मेली. आबांनी कळपाचा बराचसा भाग विकला आणि ट्रक घेतला, स्वतःला चालवता येत नसताना. पुढं एकाचे चार झाले. मेंढपाळ आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात ना, तसा आबांच्या कळपाचा निळा पट्टा होता. तोच त्यांनी चारी ट्रकच्या पाठीवर ओढला, बोटांनी, वेडावाकडा. संध्याकाळी गाड्या लागल्या की प्रत्येकीच्या बॉनेटवर हात ठेवत फिरायचे. बॉनेट जास्त गरम लागलं तर त्या डायवरची काही खैर नसायची.

मी गेलो तेव्हा ते एका जुन्या टायरवर बसले होते. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, आणि मे महिना चालू. आत ऑफिसात पोरानं फिरती खुर्ची आणून ठेवलेली, तिच्यावर ते कधीच बसले नाहीत. "जी बसल्या जागी फिरती तिच्यावर कावून बसावं," म्हणायचे.

माझ्या आधी एक डायवर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात फाइल. आबांनी फाइलकडं बघितलंही नाही.

"खोड काय?"

"काय न्हाई जी. निर्व्यसनी हाय मी."

"मग जा. बिनखोडीचं जनावर मी आजवर पायलं न्हाई. एक तर तू खोटं बोलतू, न्हाईतर तुला तुजी खोड ठावं न्हाई. दोनी वाईट."

हे काय चाललंय ते मला कळत होतं, कारण जनावरांचा बाजार मीही बघितलेला. तिथं रीत आहे. विकणाऱ्यानं सौद्याच्या आधी खोड सांगायची. लाथ मारतंय, दावं तोडतंय, पाण्याला बुजतंय, जे असेल ते. घेणारा ते ऐकून हातावर हात मारतो आणि जनावर घेऊन जातो. मग ते त्याचं. उद्या लाथ बसली म्हणून परत आणून बांधता येत नाही. खोड लपवून विकलं असेल तर मात्र घेणारा सगळ्या बाजारादेखत जनावर परत आणतो आणि विकणाऱ्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. बाजारात ही रीत बरी आहे. आबांनी ती जगातल्या सगळ्या गोष्टींना लावली, हा त्यांचा येडेपणा.

"तुजी खोड?" त्यांनी मला विचारलं. नाव नाही, गाव नाही, थेट खोड.

मी सकाळपासून उपाशी आणि सगळ्या जगावर पेटलेलो. म्हणालो, "जेलात व्हतो. तलाठ्याचा हात मोडल्याची केस हाय माझ्यावर. दाखला न्हाई, वळखीचं कोन न्हाई. घ्यायचं तर घ्या, न्हाईतर तसं सांगा. उगा च्या पाजून हाकलू नका."

"च्या कोन पाजतंय तुला," आबा म्हणाले. "हात तू मोडला?"

"न्हाई."

"मग गाडी कुनाची व्हती?"

माझे आईबाप साहेबांच्याच गावात राहत होते, त्यांच्याच नळाचं पाणी पीत होते. साहेबांचं नाव घेणारी जीभ आमच्या घरात कुणाला नव्हतीच.

"अर्धीच खोड सांगितली तू," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे. उरलेली कवा सांगावी वाटंल तवा सांग. दात दाखव."

आधी मला समजलंच नाही. समजलं तेव्हा कानशिलं तापली. "मी काय बैल हाय का?"

"बैल असता तर पाय बी बगितले असते."

दाखवले दात. काय करता, पोटाला भाकरी लागते. पुढं कधीतरी कळलं की गुटखा खातो का ते बघत होते, कारण गुटखेवाला थुंकायला मान वळवतो आणि तेवढ्यात वळण येतं. मग तोंडानं विचारायला काय झालं होतं? तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

त्याच दिवशी त्यांनी एका गाडीत मेंढरं भरली, चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, घाट उतरून बीडच्या अलीकडं जा आणि परत ये. मी म्हणालो, बसा शेजारी. तर म्हातारा मागच्या फळक्यावरून चढून मेंढरांत जाऊन बसला. वय काय, ऊन काय, मेंढरांचं मूत काय. मी घाटात गाडी अशी उतरवली की जणू माझ्या कुशीत लेकरू झोपलंय. परत आलो, फळका उघडला, तर आबा एका मेंढीच्या गळ्यात हात टाकून बसलेले, पटक्यात लोकर अडकलेली, धोतर घाण झालेलं. मला वाटलं आता शाबासकी मिळेल.

"दुसऱ्या वळनाला ही गुडघ्यावर आली," मेंढीकडं बोट करून म्हणाले. "हळू शिक. उद्यापास्नं ये."

अशी मला नोकरी लागली. कुठं सही नाही, फोटो नाही, दाखला नाही. रात्री जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या, एवढं बरं वाटलं होतं. मला काय माहीत पुढं काय वाढून ठेवलंय.

कारण ऐकून घेतलेली खोड म्हातारा पोटात ठेवत नव्हता. माल भरायला जिथं जाऊ तिथं, कांदा असो, सरकी असो, मेंढरं असोत, मालाच्या मालकाला बाजूला उभा करून एका दमात सांगायचा, "गाडी चांगली हाय, डावा आरसा फुटलाय. डायवर चांगला हाय, जेलात व्हता. बोला, भरायचं का?" ज्या सुरात आरसा, त्याच सुरात जेल. समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघायचा, मग मालाकडं बघायचा, आणि मला वाटायचं टायरखाली डोकं घालावं. काही जणांनी माल भरला नाही. आबा तिथून निघताना मलाच म्हणायचे, "आरशाला भ्याला तो."

मी किती वेळा सांगितलं, भांडून सांगितलं, की ही लपवायची गोष्ट असते. ते माझ्याकडं असे बघायचे की मीच येडा. आणि हे फक्त माझ्याच बाबतीत होतं असंही नाही. जुना ट्रक विकायला काढला तेव्हा गिऱ्हाइकाला सात जन्मात सापडली नसती अशी चेसीची चीर त्यांनी स्वतः वाकून बॅटरीनं दाखवली. पोरासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा पोहे यायच्या आधी पोरीच्या बापाला म्हणाले, "पोरगं शिकलेलं हाय, कामाला चांगलं हाय. घोरतंय लई, अन् रागाला येतंय." ते स्थळ मोडलं. दुसरंही मोडलं. तिसऱ्या घरी आतून पोरगीच बोलली, "मला बी भाकरी थापता येत न्हाई, तुटती." आबांनी तिथल्या तिथं नारळ मागवला. आज त्या घरात चपात्या होतात आणि सून सासऱ्याची सगळ्यात लाडकी होती.

ऐकायला हे सगळं गोड वाटतं. माझ्या जागी उभं राहून बघा. माझी धाकटी बहीण सिरसाळ्याकडं दिलेली. तिच्या सासरी मी पुण्याला कंपनीत होतो असं सांगितलं होतं. आईनं किती नवस बोलून ते लग्न जमवलं होतं. एकदा सिरसाळ्याच्या बाजारात मेंढरं भरत होतो आणि आबांचं सुरू झालं, गाडी चांगली हाय, डावा आरसा. मी मान वर केली तर गर्दीत बहिणीचा सासरा उभा, हातात शेळीचं दावं. त्यांनी सगळं ऐकलं. मला राम राम न करताच ते निघून गेले. त्या रात्री बहिणीचा फोन आला. ती नुसती रडत होती.

सकाळी मी चावी आबांच्या पायाजवळ फेकली. "माझ्या बहिनीचं घर मोडलं तुमी. तुमाला कुनी सांगितलं व्हतं तोंड उघडायला? मी काय तुमच्या दावनीचं जनावर हाय?"

त्यांनी चावी उचलली, घोंगड्याला पुसली. "सासऱ्याला ठावं न्हवतं?"

"न्हवतं."

"आता हाय. आता तुज्या बहिनीला भ्या कशाचं?"

"तिला आता रोज टोमने बसतीन."

"बसतीन. सा महिनं बसतीन. लपून ऱ्हायलं असतं तर जलमभर धाकात ऱ्हायली असती." चावी त्यांनी परत माझ्या हातात कोंबली. "जा. कांदा भरायचाय."

माझ्या बहिणीचे सहा महिने हा कोण ठरवणार, सांगा ना. टोमणे कमी झाले, हळूहळू थांबले, हे खरं आहे. भाऊबीजेला तिचा सासरा मला स्वतः घ्यायला आला, हेही खरं आहे. तरी त्या दिवशीचं मला आजही पटलेलं नाही. मी तसाच कांदा भरायला गेलो आणि पुढं बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

लोक म्हणतात आबांना माणसाची पारख होती. साफ खोटं. मी स्वतः विचारलं होतं त्यांना, बोलणं सुरू झाल्यावर. घाटातल्या वळणावर टायर पंक्चर झालेला, आम्ही दोघं दगडावर बसलो होतो. म्हणालो, "आबा, सगळ्यांची खोड इचारता. तुमची काय हाय?"

त्यांनी एक खडा उचलून दरीत टाकला. मग म्हणाले, "मला मानसं वळखता येत न्हाईत बाबा. मेंढरू वळखतो. हजारात वळखतो. मानूस तोंडानं एक अन् पोटात एक, मला उमगतच न्हाई. लई फसलो. म्हनून इचारतो. जो सांगतो त्याला घेतो."

एवढं साधं होतं ते. बीडचे शेठ म्हणे माणूस बघून ओळखायचे.

मग साहेब आले. सभेला माणसं न्यायला ट्रक पाहिजे होते, म्हणून पांढऱ्या गाड्यांचा ताफा आमच्या गाड्यांशेजारच्या ढाब्यापाशी थांबला. मी चाकाचे नट आवळत होतो. साहेबांनी मला ओळखलं, जवळ आले, परत तोच हात माझ्या खांद्यावर. केस पिकले होते, हात तसाच जड.

"इथं हाय का तू. चांगलं झालं. हायवावर डायवर पाहिजेच व्हता, भरवशाचा. सोमवारपास्नं ये."

"न्हाई साहेब. इथं बरं हाय माझं."

ते हसले. आवाज खाली आणला. "म्हाताऱ्याला ठावं हाय का, तू आत जाऊन आलाय ते? सांगू का त्याला?"

आबांना माहीत होतं, तरी गेली कित्येक वर्षं हीच भीती मी बाळगून होतो. हेच वाक्य, हाच आवाज, मी झोपेतसुद्धा ऐकलेला. आणि तेवढ्यात ढाब्याच्या बाजेवरून आबा ओरडले, त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून नेहमी ओरडूनच बोलायचे, "काय म्हनतेत रं सायेब?"

साहेब त्यांच्याकडं गेले, बाजेवर टेकले, आणि मोठ्या काळजीच्या सुरात बोलायला लागले, "आबा, तुमी साधे मानसं. तुमचा हा डायवर कोन हाय, काय केलेलं हाय, ते तुमाला..."

"जेलात व्हता," आबा म्हणाले. "मांजरसुंब्याला कुत्र्याला बी ठावं हाय. च्या घेता का?"

बाजेवरची माणसं हसली. भजी तळणारा हसला. साहेबांच्या ताफ्यातला एक पोरगा हसला आणि लगेच गप्प झाला. साहेबांच्या हातात माझ्याविरुद्ध एकच गोष्ट होती, आणि ती म्हाताऱ्यानं आधीच गावभर वाटून टाकलेली. चहा न घेता ते उठले. ट्रक त्यांना मिळाले नाहीत, आबा म्हणाले मेंढरं न्यायचीत.

त्याच्यानंतर आमच्या गाड्या रस्त्यावर दिसल्या की अडवायला लागले. कधी आरटीओ, कधी पोलीस. मेंढरं उन्हात उभी, कागद तपासणं चालू, हा दाखला कुठाय, तो शिक्का कुठाय. निळा पट्टा बघितला की शिट्टी वाजायची. मेंढरं तहानेनं जीभ बाहेर काढायची आणि अडवणारे अधिकारी झाडाखाली बसून फोनवर बोलायचे. कुणी सांगून ठेवलं होतं ते सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. माल देणारे कमी झाले. आबांचा मुलगा, आम्ही त्याला दादा म्हणतो, हिशेबी माणूस आहे, वाईट नाही. एक दिवस तो माझ्यासमोरच बापाला म्हणाला, "आबा, याला काढा. याला काढलं की सगळं थांबंल, मला तसा निरोप हाय. याला मी दुसरीकडं लावून देतो."

मी टायरपाशी उभा होतो. माझी सगळी नोकरी, माझं घर, बहिणीच्या सासरी मिळालेला राम राम, सगळं त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर अवलंबून होतं. आणि खरं सांगतो, त्यांनी काढलं असतं तरी मी दोष दिला नसता. चार गाड्यांवर किती घरं चालत होती.

आबांनी थोडा वेळ काठीनं माती उकरली. "न्हाई काढता येत," म्हणाले.

"कावून?"

"खोड ऐकून घेतलंय मी. ऐकून घेतलेलं जनावर परत करता येत न्हाई."

"आबा, तो मानूस हाय, जनावर न्हाई."

"मग मानसाला कमी रीत लावू का?"

दादा पाय आपटत निघून गेला. आबा माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "तू काय बगतू बे? डावा आरसा अजून बदलला न्हाई."

मला गहिवरून यायला पाहिजे होतं. आला राग. इतक्या शिकल्यासवरल्या लोकांनी मला माणूस म्हणून हाकललं आणि या एका म्हाताऱ्यानं जनावर म्हणून ठेवून घेतलं. ज्या जगात बैलाला बाजारात जो न्याय मिळतो तो माणसाला ऑफिसात मिळत नाही, त्या जगावर थुंकावं वाटलं. मी आरसा बदलला. तो पुढच्या आठवड्यात परत फुटला.

गाड्या अडवणं चालूच राहिलं, निवडणूक झाल्यावर कमी झालं. आबा नंतर दोन वर्षं होते. शेवटी उठवत नव्हतं तरी संध्याकाळी त्यांना बाजेसकट अंगणात आणावं लागायचं आणि गाड्या त्यांच्या हाताला लागतील अशा उभ्या कराव्या लागायच्या. मला मधूनमधून विचारायचे, "उरलेली खोड सांगनार हाय का न्हाई?" मी म्हणायचो, सांगतो, आबा. सांगितली नाही. ते गेले तेव्हा मी सरकी घेऊन बाहेर होतो.

दहाव्याला मंडप टाकलेला, प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. ज्या शेठनं मला चहा पाजला नव्हता तो बोलला. आबांनी गोरगरिबांना रोजगार दिला, म्हणाला. आणि मग साहेब उठले. डोळ्याला रुमाल लावला. म्हणाले, आबा म्हणजे देवमाणूस. वाट चुकलेल्या पोरांना त्यांनी पदरात घेतलं. "हा इथं खाली बसलेला डायवर बघा. एका सरकारी मानसाचा हात मोडून जेलात गेलेला गुन्हेगार. समाजानं टाकला, पन आबांनी मानसात आनला."

आख्खा मंडप माझ्याकडं वळला. आईबाप आले होते, बहिणीचा सासरा आला होता. मी उठलो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"साहेब, गाडी कुनाची व्हती?"

साहेबांनी रुमाल खाली घेतला. "बस खाली. ही जागा न्हाई."

"गाडी तुमची व्हती. हात तुमच्या पुतन्यानं मोडला. तो तिथं दुसऱ्या रांगेत बसलाय. आबा मला शेवटपतोर इचारत व्हते, उरलेली खोड सांग म्हनून. ही घ्या."

साहेबांची माणसं माझ्याकडं यायला लागली. मुंडण केलेला दादा स्टेजवर चढला आणि माइक हातात घेतला. मला वाटलं, संपलं. बाप गेल्यावर आता याला कुणाची आडकाठी नाही, सगळ्यांदेखत मला हाकलून देईल. दादा लवकर रागाला येतो, आबांनी पोह्यांच्या आधीच सांगितलं होतं.

"ह्या डायवरची खोड आबांनी ऐकून घेतली व्हती," दादा म्हणाला. "उरलेली आत्ता मी ऐकून घेतली. तो आमच्याकडंच ऱ्हानार हाय." मग त्यानं माइक समोर धरला. "अजून कुनाला आबांवर बोलायचं असंल तर या. पन आबांची रीत हाय. आदी आपली खोड सांगायची, मग बोलायचं."

शेठनं चप्पल शोधायला सुरुवात केली. साहेब रुमाल खिशात घालून मंडपातून बाहेर पडले, पुतण्या त्यांच्या मागोमाग. माइक बराच वेळ तसाच चालू राहिला, नुसता खरखरत. कुणी उठलं नाही. शेवटी आचाऱ्यानं विचारलं, पंगत बसवायची का, आणि पंगत बसली.

परवा सिरसाळ्याला मेंढरं भरायला गेलो होतो. मेंढरांचा मालक नवीन होता, मला ओळखत नव्हता. मी फळका उघडला आणि त्याला म्हणालो, "गाडी चांगली हाय, डावा आरसा फुटलाय. डायवर जेलात व्हता. गाडी साहेबांची व्हती, हात पुतन्यानं मोडला." इथं लिहिली नाहीत, पण तिथं दोघांचीही नावं घेतली, बापाच्या नावासकट, आडनावासकट, बाजाराला ऐकू जाईल अशी. मग विचारलं, "बोला, भरायचं का?"